अर्धी शरियत

ज्या कर्वेनगरात आज चौरस फुटाच्या भावाखेरीज दुसरी चर्चा क्वचितच ऐकू येते, ते कर्वेनगर एका झोपडीच्या आसऱ्याने वाढले, हे इथल्या नव्या रहिवाशांना ठाऊक असतेच असे नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली हिंगण्याच्या माळावर, रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेत आला. गावापासून दूर, प्लेगच्या दिवसांत, विधवा मुलींना घेऊन. ती झोपडी आजही जपून ठेवलेली आहे. संध्याकाळी त्या बाजूने फिरायला जाणे हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे, आणि या लेखाचे निमित्तही तिथल्याच एका संध्याकाळचे.

आमच्या शाखेतील तीन-चार तरुण बरोबर होते. सगळे संगणक अभियंते, वाचणारे, पण जे वाचतात ते बहुतेक भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. त्यांच्यापैकी एकाने विचारले, ‘काका, इस्लामी कायद्यात व्यभिचाराला दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा आहे. आपण त्यावर जोरात का बोलत नाही?’ मी म्हटले, ‘अरे, बोलायला हरकत काहीच नाही. पण आपल्या देशात अशी शिक्षा कोणत्या न्यायालयाने शेवटची कधी दिली, ते सांगशील?’ तो गप्प झाला. मग मीच म्हणालो, की तुझा प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. भारतात दगड गेले आहेत. ते गेले, तरी मागे काय उरले आणि ते का उरले, हा खरा प्रश्न आहे. त्या दिवशी उभ्या उभ्या जे सांगता आले नाही, ते इथे मांडतो.

आधी मूळ कायदा काय आहे ते नीट पाहिले पाहिजे. विरोधकाचे म्हणणे समजून न घेता त्याच्यावर तुटून पडणे हे आपल्या संस्कारात बसत नाही, आणि त्याने वादही जिंकता येत नाही. विवाहबाह्य शरीरसंबंधाला इस्लामी कायदा ‘झिना’ म्हणतो. आपल्या भाषेत व्यभिचार म्हटले की विवाहित व्यक्ती डोळ्यांसमोर येते. झिना या शब्दात अविवाहितांचे संबंधही येतात. कुराणाच्या ‘नूर’ नावाच्या चोविसाव्या अध्यायात झिना करणाऱ्या स्त्रीला आणि पुरुषाला प्रत्येकी शंभर फटके सांगितले आहेत. दगडांनी मारण्याची शिक्षा, जिला ‘रजम’ म्हणतात, ती कुराणाच्या आज असलेल्या पाठात नाही. ती हदीसच्या आधारे आली, आणि सुन्नी पंथाच्या चारही विधिसंप्रदायांनी ती विवाहितांसाठी मान्य केली. त्याच अध्यायात लगेच पुढे असेही आहे, की जो कोणी शीलवान स्त्रीवर आळ घेईल आणि चार साक्षीदार आणणार नाही, त्याला ऐंशी फटके मारावेत व त्याची साक्ष पुन्हा कधी मानू नये. प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्यावर घेतल्या गेलेल्या खोट्या आळाशी परंपरेने या वचनांचा संबंध जोडला आहे.

चार पुरुष साक्षीदार, तेही प्रत्यक्ष क्रिया पाहिलेले! अशी साक्ष मिळणे जवळजवळ अशक्य आहे हे जुन्या फकिहांना कळत नव्हते असे नाही. किंबहुना ती अशक्य असावी हाच त्यांचा हेतू असावा, असे मानायला जागा आहे. ‘शंका असेल तेथे दंड टाळावा’ हे सूत्र त्यांनी याच प्रकरणात वारंवार वापरले. गर्भ आईच्या पोटात जास्तीत जास्त किती काळ राहू शकतो, या प्रश्नावर हनफी पंडितांनी दोन वर्षे सांगितली, शाफईंनी चार. आज हसू येते. पण पती परगावी असताना प्रसूत झालेल्या एखाद्या अभागी स्त्रीचा जीव या हास्यास्पद आकड्याने वाचला असेल, हेही विसरू नये. सारांश, ग्रंथात शिक्षा भयंकर होती आणि तिची वाट अतिशय अरुंद ठेवलेली होती.

ही वाट रुंद केली ती विसाव्या शतकातल्या एका सैनिकी राजवटीने. पाकिस्तानात जनरल झिया उल हक यांनी १९७९ च्या फेब्रुवारीत हुदूद अध्यादेश काढले. ग्रंथातील दंड, म्हणजे हद्द, हवा असेल तर चार साक्षीदार हवेत हे त्यांनी कायम ठेवले. पण त्याखाली दुसरी पायरी बांधली. साक्षीदार नसले तरी इतर पुराव्यावर ‘ताझीर’ म्हणून दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, तीस फटके आणि दंड देता येईल, अशी. बलात्काराची तक्रारही याच अध्यादेशात घातली गेली. परिणाम काय झाला? बलात्कार झाला अशी फिर्याद घेऊन स्त्री ठाण्यात गेली, तर बळजबरी सिद्ध करणे तिच्यावर आले. ती सिद्ध झाली नाही, तर संबंध झाल्याची कबुली मात्र तिच्याच तोंडून मिळालेली! फिर्यादी बाई आरोपीच्या पिंजऱ्यात आणि आरोपी पुरुष पुराव्याअभावी घरी.

१९८३ साली साहिवालच्या एका अंध मुलीचे प्रकरण गाजले ते यामुळेच. घरकामासाठी ठेवलेली ही मुलगी तिथे झालेल्या अत्याचारातून गरोदर राहिली. तिला डोळ्यांनी दिसत नसल्यामुळे ओळख पटवण्याचा प्रश्नच नव्हता. पुरुष सुटला. मुलीला तिच्या गरोदरपणाच्या आधारे तीन वर्षांची कैद, पंधरा फटके आणि हजार रुपये दंड झाला. पुढे देशविदेशात बोभाटा झाल्यावर केंद्रीय शरियत न्यायालयाने तिला निर्दोष सोडले, आणि हनफी मतानुसार केवळ गरोदरपण हा झिनाचा पुरावा होत नाही, हेही त्याला सांगावे लागले. म्हणजे ज्या शरियतच्या नावाने तिला शिक्षा झाली, त्या शरियतलाही ती शिक्षा मंजूर नव्हती.

त्याआधीचा एक प्रसंग तर अधिकच बोलका आहे. १९८१ साली याच केंद्रीय शरियत न्यायालयाने रजमची शिक्षा इस्लामला धरून नाही असा निकाल दिला होता. त्यावर झियांनी काय करावे? न्यायालयाची रचना बदलली, त्यावर उलेमांना बसवले आणि १९८२ साली पुनर्विलोकनात तो निकाल फिरवून घेतला. ईश्वरी म्हणून सांगितला जाणारा कायदा कोणाच्या हुकमाने कसा वाकतो, याचे इतके उघड उदाहरण मला दुसरे माहीत नाही. पाकिस्तानातील जागरूक महिलांनी पाव शतक या अध्यादेशाविरुद्ध रस्त्यावर लढा दिला. त्यांच्याच राष्ट्रीय महिला आयोगाने २००३ साली तो रद्द करण्याची शिफारस केली. अखेर २००६ च्या कायद्याने बलात्काराचा गुन्हा हुदूदमधून काढून पुन्हा पाकिस्तान दंडसंहितेत नेला. ही दंडसंहिता म्हणजे मेकॉलेची १८६० ची, तुमची-आमचीच. या महिलांपैकी बहुतेक श्रद्धावान मुसलमान होत्या. त्यांच्या धैर्याची नोंद आपल्या नियतकालिकांत फारशी झाली नाही, ही आपली उणीव आहे.

नायजेरियाच्या कात्सिना प्रांतात २००२ साली अशाच एका घटस्फोटित मातेला रजमची शिक्षा ठोठावली गेली. तिथे मालिकी संप्रदाय चालतो, आणि तो पती नसलेल्या स्त्रीचे गरोदरपण हाच पुरावा मानतो. २००३ च्या सप्टेंबरात शरियत अपील न्यायालयाने तिला मुक्त केले. एकाच धर्मातील एकाच कृत्याचा पुरावा लाहोरला एक आणि कात्सिनाला दुसरा. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे तो आपल्या कोकणात येणार आहे.

आता भारताकडे येऊ. मोगल अमदानीतील फौजदारी न्याय इस्लामी होता. इंग्रजांनी तो एका रात्रीत नाही, पण टप्प्याटप्प्याने गुंडाळला. आपल्या मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने सर्वांसाठी एकच फौजदारी कायदा केला, आणि १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंडसंहिता लागू झाल्यावर उरलेसुरले अवशेषही संपले. झिना, चोरीसाठी हात तोडणे, फटके हे सारे गेले. इथे एक प्रश्न विचारावासा वाटतो, आणि तो माझ्या तरुण मित्रालाही मी त्या दिवशी विचारायला हवा होता. कुराणात स्पष्ट शब्दांत सांगितलेला शंभर फटक्यांचा दंड भारतात रद्द होऊन दीड शतकाहून अधिक काळ लोटला. त्यामुळे इस्लाम धोक्यात आल्याची ओरड या देशात आज कोणी करतो काय? भारतातला मुसलमान चोरी झाली की पोलीस ठाण्यात जातो, खून झाला की सत्र न्यायालयात जातो, आणि हिंदूला लागू असलेल्या कलमांखालीच न्याय मागतो. त्याचा धर्म त्याने बुडत नाही. तो बुडूही नये. उत्तम आहे.

पण मग निकाह, तलाक, पितृत्व, वारसा यांना हात लावतो म्हटले की धर्म बुडतो, तो कसा? शरियत अखंड आहे, तिच्यातून एक वीट काढली तर इमारत कोसळेल, असे मुस्लिम व्यक्तिगत कायदा मंडळाचे धुरीण सांगतात. अर्धी इमारत १८६२ सालीच उतरवली गेली आहे, हे ते सांगत नाहीत. जी अर्धी गेली तिच्यात पुरुषाच्या पाठीवर फटके पडण्याचा संभव होता. जी अर्धी उरली तिचा भार वाहतात बाया आणि मुले. हा योगायोग असेल असे मला वाटत नाही.

याचा पडताळा २००५ साली साऱ्या देशाने घेतला. उत्तर प्रदेशात मुजफ्फरनगर जिल्ह्यातील एका गावी पाच मुलांच्या आईवर तिच्या सासऱ्याने बलात्कार केला. गावातल्या पंचांनी तिला सांगितले, की आता नवरा तुला मुलासारखा झाला. देवबंदच्या दारुल उलूमकडून मत आले, की ती पतीला कायमची निषिद्ध झाली, तिने त्याच्यापासून वेगळे व्हावे. यामागे ‘हुरमत-ए-मुसाहरत’ नावाचे हनफी तत्त्व आहे. विवाहाने जसे सासरे-सून, सासू-जावई हे नाते कायमचे निषिद्ध होते, तसेच अवैध संबंधानेही ते होते. मग तो संबंध राजीखुशीचा असो वा बळजबरीचा. बापाने जिचा भोग घेतला ती मुलाला निषिद्ध, एवढे साधे गणित. त्या स्त्रीचे काय, हा प्रश्न या गणितात नाहीच. मुस्लिम व्यक्तिगत कायदा मंडळातील मंडळींनी या मताची पाठराखण केली. तत्कालीन मुख्यमंत्री मुलायमसिंह यादव यांनी उलेमांनी विचारपूर्वकच निर्णय दिला असेल, अशा आशयाचे उद्गार काढले. एरवी स्त्रीमुक्तीच्या नावाने कंठशोष करणाऱ्या आपल्या सेक्युलर मंडळींपैकी किती जण तेव्हा बोलले, ते आठवून पाहावे. बोलले ते थोडे, आणि चाचरत.

आता या प्रकरणाची दुसरी बाजू पाहा. त्याच स्त्रीने पोलिसांत फिर्याद दिली. भारतीय दंडसंहितेखाली खटला चालला. कोणी चार साक्षीदार मागितले नाहीत, कोणी तिच्या फिर्यादीला कबुली ठरवले नाही. २००६ च्या ऑक्टोबरात न्यायालयाने सासऱ्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. एकच कृत्य, एकच स्त्री. सर्वांना समान असलेल्या कायद्याने तिला न्याय दिला आणि शरियतच्या उरलेल्या अर्ध्या भागाने तिला घर सोडायला सांगितले. समान नागरी कायद्याची याहून अधिक बोलकी कैफियत मला तरी लिहिता येणार नाही.

फतव्याला कायद्याचे बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या जुलैत सांगितले आहे, आणि त्या याचिकेत हेच प्रकरण मांडले गेले होते. निकाल चांगला आहे. पण चरथावलच्या गल्लीत राहणाऱ्या बाईने तो कोणाला वाचून दाखवायचा?

मघाचा कोकणचा मुद्दा इथे येतो. आपल्या रत्नागिरी-रायगडातील कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई संप्रदायाचे आहेत. समुद्रमार्गे आलेल्या अरब व्यापाऱ्यांच्या संबंधातून तो संप्रदाय या किनाऱ्यावर रुजला. आणि शाफई मत असे, की अवैध संबंधाने सासुरवाडीचे निषिद्ध नाते निर्माण होत नाही. हराम कृत्याने हलाल नाते तुटत नाही, इतका सरळ विचार. म्हणजे हीच आपत्ती चिपळूणच्या एखाद्या कोकणी मुसलमान कुटुंबावर कोसळली असती, तर त्या स्त्रीचा संसार तिच्या संप्रदायाच्या मते मोडला नसता. मुजफ्फरनगरला मोडतो, चिपळूणला टिकतो. यातला ईश्वराचा कायदा कोणता? ज्या विषयात खुद्द थोर इमामांचे एकमत नाही, त्यात संसदेने मानवतेच्या बाजूचे मत स्वीकारले तर धर्मावर आक्रमण होते, हे म्हणणे टिकण्यासारखे नाही.

चिपळूणचे नाव निघाले म्हणून हमीद दलवाई यांची आठवण अटळ आहे. मिरजोळी हे त्यांचे गाव चिपळूणलगतच. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत अवघ्या सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व रद्द करा, समान नागरी कायदा आणा, ही मागणी. सात! आज आपल्याकडे सातशेच्या मोर्चालाही कोणी मोर्चा म्हणत नाही. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाई आपल्या विचारांचे नव्हते, हिंदुत्ववाद्यांवरही त्यांनी कोरडे ओढले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण जे काम करायला त्यांच्या समाजात कोणी पुढे येत नव्हते, ते त्यांनी केले, आणि १९७७ साली वयाच्या पंचेचाळिशीच्या आत ते गेले. त्यांच्यामागे सय्यदभाईंनी पुण्यात हे काम चिकाटीने चालवले. २०२२ साली त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी तोंडी तलाक घटनाबाह्य ठरवणारा २०१७ चा निकाल आणि २०१९ चा कायदा त्यांनी पाहिला, एवढे समाधान.

तलाकचा प्रश्न सुटला. पण झिनाच्या प्रश्नातला जो सर्वांत मुका वादी आहे, त्याच्याकडे अजून कोणी पाहिलेले नाही. तो म्हणजे अशा संबंधातून जन्मलेले मूल. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात अनौरस मुलाला पिताच नसतो. हनफी मताप्रमाणे ते आईचे व आईकडच्या नातलगांचे वारस होते, बापाचे होत नाही. शिया मताप्रमाणे तर आईचेही होत नाही. दुष्कृत्य दोघांचे, आणि त्याची फळे भोगणारे तिसरेच. बापाने पुढे त्याला मुलगा म्हणून मान्य केले तरी उपयोग नाही. कारण अशी मान्यता केवळ विवाहाबाबत अनिश्चितता असेल तेव्हाच चालते. झिनातून जन्म झाल्याचे सिद्ध असेल तेथे चालत नाही, हे अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या १८८८ च्या निकालापासून पक्के आहे. दत्तक या कायद्याला मान्यच नाही, म्हणून त्याही दाराने ते मूल आत येऊ शकत नाही. आणि हा फतवा नव्हे. १९३७ च्या शरियत कायद्याने आपल्या न्यायालयांवर बंधनकारक असलेला हा कायदा आहे. त्या १९३७ च्या कायद्याने मुस्लिम मुलींना रूढीपेक्षा अधिक वारसाहक्क मिळाले, हे त्याचे श्रेय त्याला द्यावे. या मुलांना मात्र त्याने काही दिले नाही.

त्या मुलाला जे काही मिळते, ते पुन्हा समान कायद्यातूनच मिळते. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, औरस-अनौरस असा भेद न करता कोणत्याही धर्माच्या बापाकडून अज्ञान मुलाला पोटगी देववते. बाल न्याय कायद्याने मुसलमान दांपत्यालाही दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या फेब्रुवारीत स्पष्ट केले.

इथवर वाचून कोणा वाचकाने समाधानाने मान डोलावली असेल, तर त्याने जरा थांबावे. आपले घर या बाबतीत कधी स्वच्छ होते? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील व्यभिचारी स्त्रीसाठीचा दंड घरात मोठ्याने वाचून दाखवण्यासारखा नाही. पेशवे दफ्तरात ‘बदकर्मा’च्या आरोपावरून बटीक केलेल्या, सरकारी कामाला जुंपलेल्या स्त्रियांच्या नोंदी आहेत. त्यांच्याबरोबरच्या पुरुषांना असे कोणी बटीक केले नाही. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना याच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले, ते कोणासाठी? आमच्या सोवळ्यातल्या घरांतील विधवांसाठीच. तशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशी फर्मावली गेली, ती पुढे काळ्या पाण्यावर आली. त्या खटल्यावरून वृत्तपत्रांत स्त्रीजातीची जी निंदा सुरू झाली, ती वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. त्या अर्भकाच्या बापाचे नाव कोणत्या इतिहासाने नोंदवले आहे? हे सारे आपल्याच अंगणातले आहे, आणि ते झाकून दुसऱ्याच्या अंगणाकडे बोट दाखवता येत नाही.

आणि कर्वे घराण्याचीच गोष्ट घ्या. महर्षींचे थोरले चिरंजीव रघुनाथराव. त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल १९३१ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. फिर्याद करवणारे कोणी मुल्ला-मौलवी नव्हते, पुण्यातले आपलेच सनातनी होते. पुढच्या, १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. तोही खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. रघुनाथरावांची सगळी मते मला पटतात असे नाही. पण ज्या प्रश्नावर लिहिणे हाच काल-परवापर्यंत आपल्याकडे गुन्हा होता, त्या प्रश्नावर बोलताना आपण आवाज थोडा खाली ठेवलेला बरा. हे मी त्या तरुणांना झोपडीसमोर उभे राहूनच सांगितले.

फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की हिंदू समाजाने कायद्याचा हात आपल्या घरात येऊ दिला. ओरड झाली, बहिष्कार झाले. खुद्द अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ साली पुनर्विवाह केल्यावर मुरुडला त्यांच्यावर ग्रामण्य झाले. तरी १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा राहिला, १९५५-५६ ची हिंदू कोड विधेयके आली, आणि आज त्यांविरुद्ध कोणी ‘धर्म बुडाला’ म्हणून उठत नाही. रद्दबातल विवाहातून झालेल्या मुलांना हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ ने औरस मानले. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील आईबापांच्या हिश्श्यातही त्यांना वाटा दिला. तरीही काम पुरे झालेले नाही. विवाहच झाला नसेल, तर हिंदू वारसा कायद्यातही ते मूल केवळ आईचे नातलग समजले जाते. बाप इथेही सुटतो. समान नागरी कायदा मुसलमानांना सुधारण्यासाठी हवा, हा समज म्हणूनच मला अपुरा वाटतो. तो आपल्यालाही हवा आहे.

आणि त्याची सुरुवात कोठून व्हावी, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. बहुपत्नीत्वाचे कलम गाजते, टाळ्या घेते. पहिले कलम मुलाचे असावे: भारतात जन्मलेले कोणतेही मूल, त्याच्या आईबापांचा विवाह झाला असो वा नसो, कोणत्याही धर्माचे असो, दोघांचेही मूल आणि दोघांचेही वारस. गोव्यात पोर्तुगीजांचा १८६७ चा नागरी कायदा आहे. त्यात पित्याने मान्य केलेल्या अनौरस अपत्याला वारसाहक्काची तरतूद होती, आणि ती हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांना लागू होती. (गोव्यातच हिंदूंपुरती काही परिस्थितीत दुसऱ्या विवाहाची सवलतही शिल्लक होती, हेही ध्यानात असू द्यावे.) उत्तराखंडाने २०२४ साली संमत केलेला आणि २७ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेला समान नागरी कायदा विवाहाविना एकत्र राहणाऱ्या जोडप्याच्या मुलाला औरस मानतो. हे त्यातले सर्वांत मोलाचे कलम आहे, असे मी मानतो. मात्र असे एकत्र राहण्याची महिन्याभरात नोंद केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ही त्याच कायद्यातील तरतूद मला खटकते. शंभर फटक्यांवर टीका करणाऱ्याने प्रौढांच्या घरात तुरुंगाचा धाक नेऊ नये. व्यभिचार हा गुन्हा मानणारे कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केले आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या न्याय संहितेत ते परत आले नाही. संस्कार हे घराचे, शाखेचे, शाळेचे काम आहे. आपण ते करण्यात कमी पडलो, तर फौजदार ते करून देणार नाही.

महाराष्ट्रातही हा विषय केव्हातरी येईल. त्या वेळी मसुद्यावर सूचना मागवल्या जातील आणि आपल्यापैकी बरेच जण छापील पत्रावर सही करून मोकळे होतील. त्या संध्याकाळी घरी परतताना माझ्या तरुण मित्राने विचारले, ‘काका, मग आपल्या वस्तीकडून सूचना पाठवायची तर पहिली ओळ काय लिहायची?’ मी त्याला मुलाचे कलम सांगितले. त्याने ते भ्रमणध्वनीत टिपून घेतले, आणि मग म्हणाला, ‘यात मुसलमान हा शब्द कुठेच नाही.’ मी म्हटले, ‘नाही. हिंदू हाही नाही.’